साडेसहाची शाळा

लोअर परळ म्हटलं की मॉल, पब आणि काचेची ऑफिसं आठवतात ना? त्याच रस्त्यावर संध्याकाळी साडेसहाला एक शाळा भरते. तिथे शिकवायला म्हणून गेले आणि पहिल्याच आठवड्यात नापास झाले, त्याची ही गोष्ट...

शुक्रवार. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. लोअर परळच्या सगळ्या बिल्डिंगांमधून एकाच वेळी माणसं बाहेर पडत असतात. अर्धी स्टेशनकडे, अर्धी 'हॅपी अवर्स'कडे. लिफ्टमध्ये आमची गँग विचारते, "काय मग, आज प्लॅन काय?"

"शाळा."

सुरुवातीला सगळे हसायचे. एकानं तर विचारलं, "म्हणजे अजून एक एमबीए?" नाही हो! शाळा म्हणजे शाळाच. फळा, खडू, हजेरीपट, घंटा. फरक एवढाच, की ती साडेसहाला भरते, साडेनऊला सुटते आणि तिथले विद्यार्थी दिवसभराची ड्यूटी करून आलेले असतात.

आता हे आधीच कबूल करून टाकते, की मोठ्या माणसांना शिकवणं हाच माझा धंदा आहे. एका कंपनीत मी ट्रेनिंगचं काम करते. मॅनेजर लोकांना गोल टेबलांभोवती बसवायचं, रंगीत चिकटचिठ्ठ्या वाटायच्या, दोन-चार गेम खेळायचे आणि शेवटी फीडबॅक फॉर्मवर पाचपैकी साडेचार मिळवायचे. त्यामुळे जूनमध्ये कुणीतरी म्हणालं, की इथल्या रात्रशाळेत दहावीला इंग्रजी शिकवायला माणूस हवंय, तेव्हा मी लगेच हात वर केला. आठवड्यातून दोन संध्याकाळी. त्यात काय मोठंसं? अपने बाएं हाथ का खेल!

पत्त्यातला माणूस

ऑफिसपासून शाळा पंधरा मिनिटांच्या अंतरावर. हा रस्ता तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल, पण बहुतेक टॅक्सीच्या काचेतून, मीटरकडे एक डोळा ठेवून. एकदा चालून बघा. डिलाईल पूल २०१८ साली धोकादायक म्हणून बंद झाला आणि पूर्ण उघडायला २०२३चा नोव्हेंबर उजाडला. आता त्याच्यावर उभं राहिलं की एका नजरेत सगळं दिसतं. इकडे मॉल आणि टॉवर, तिकडे चाळी. १९२०च्या दशकात बांधलेल्या इथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. जुन्या गॅलऱ्यांमध्ये अजून कपडे वाळताहेत आणि त्यांच्या डोक्यावर क्रेन फिरतेय.

या रस्त्याचं नाव ना. म. जोशी मार्ग. सहा वर्षं मी ऑनलाइन ऑर्डर करताना पत्त्यात 'एन. एम. जोशी मार्ग' टाइप करते आहे, पण हे एन. एम. जोशी कोण हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. ते शाळेतच कळलं. नारायण मल्हार जोशी. १९११ साली मुंबईत 'सोशल सर्व्हिस लीग' सुरू झाली, तिच्यामागचं मुख्य नाव. गिरणी कामगारांसाठी वाचनालयं, रात्रीचे वर्ग असं काम या संस्थेनं केलं. पुढे १९२० साली देशातली पहिली मोठी कामगार संघटना 'आयटक' उभी राहिली, त्यातही हेच जोशी पुढे होते. म्हणजे ज्यानं कामगारांच्या शिक्षणाचा विचार केला, त्याच्याच नावाच्या रस्त्यावर मी 'लर्निंग'चा पगार घेते. आहे की नाही गंमत?

त्याच्याही आधी, १८५५ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. तेव्हा रात्रशाळा ही कुणा सीएसआरवाल्याची नवी आयडिया नाही, बॉस!

हा सगळा भाग म्हणजे गिरणगाव. कवी नारायण सुर्वे इथलेच. एका गिरणी कामगारानं वाढवलेला हा मुलगा, आधी महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला आणि पुढे महापालिकेच्याच शाळेत मास्तर. जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्यांच्या जागांवर आपले मॉल आणि ऑफिसं आली. भोंगे थांबले, पण पाळ्या थांबल्या नाहीत. आता त्या सिक्युरिटीच्या, हाउसकीपिंगच्या, पार्सल पोचवणाऱ्यांच्या असतात. रात्रशाळेच्या बाकांवर आज हीच माणसं बसतात.

छोटे बाक, मोठे गुडघे

शाळा पहिल्या मजल्यावर. दिवसा तिथे लहान मुलांचे वर्ग भरतात. त्यामुळे भिंतीवर फळांची चित्रं, बेचा पाढा, कागदी पताका. बाक तिसरी-चौथीच्या मापाचे. त्यात बसताना मोठ्या माणसाचे गुडघे छातीला लागतात. वर्गात पाऊल टाकल्याबरोबर खोलीच सांगते, की ही जागा तुझ्यासाठी नाही.

माझ्या वर्गात अठरा वर्षांच्या मुलापासून पन्नाशीच्या मावशींपर्यंत सगळे. मावशी लालबागच्या चिवडा गल्लीत एका दुकानात पाकिटं भरतात. दोन मुलं दिवसभर बाइकवरून पार्सलं पोचवतात. एक मुलगी पार्लरमध्ये आहे. एक जण कुरियरवाला, दोघी घरकाम करणाऱ्या. आणि एक सिक्युरिटी गार्ड, वय चव्वेचाळीस. त्यांना आपण दादा म्हणू. नाव सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

पहिल्या दिवशी मी टोटल तयारीत गेले होते. लॅपटॉपवर बावीस स्लाइड. प्रोजेक्टर नाही म्हटल्यावर त्यातली हवा गेली. मग आइसब्रेकर काढला. "प्रत्येकानं स्वतःबद्दल अशी एक गोष्ट सांगायची, जी इथे कुणालाच माहीत नाही!"

ऑफिसात या प्रश्नावर लोक खुलतात. कुणी सांगतं मी गिटार वाजवतो, कुणी सांगतं मी कॉलेजात दोनदा पडलो. इथे शांतता. पार्लरवाली मुलगी पायाच्या नखांकडे बघत बसली. आज कळतं, की त्या खोलीतल्या निम्म्या लोकांची कुणालाच माहीत नसलेली गोष्ट म्हणजे ते त्या खोलीत बसलेत हीच होती.

मग माझा दुसरा बाण. "मला मॅडम म्हणू नका हं. आपण सगळे फ्रेंड्स. चला, अरे-तुरेच करू या!"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुम्ही आम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. आम्ही तुम्हाला बाईच म्हणणार."

एकोणतीस वर्षांची मी, पन्नाशीच्या बाईला 'अगं' म्हणायला निघाले होते. तेही 'फ्रेंडली' वाटावं म्हणून. या लोकांना दिवसभर सगळे अरे-तुरेच करत असतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्यांच्यासाठी 'अरे' म्हणजे मैत्री नव्हे. 'अरे' म्हणजे रोजचंच.

आयलंडमधला एस

खरा घोटाळा त्याच आठवड्यात झाला.

दादांची ड्यूटी सकाळी सात ते संध्याकाळी सात. त्यामुळे सव्वासातच्या माझ्या तासाला ते वीस मिनिटांनी यायचे, युनिफॉर्मवरच. मी म्हटलं, "लेट आलात! चला, तुम्हीच वाचा पुढचा पॅरा." ऑफिसात उशिरा येणाऱ्याला आम्ही असंच काहीतरी करायला लावतो, गंमत म्हणून.

दादा उभे राहिले. पुस्तक दोन्ही हातांत धरून वाचू लागले. चौथ्या ओळीत 'आयलंड' शब्द आला. त्यांनी वाचलं, "इसलँड."

मागच्या बाकावरची बाइकवाली मुलं फिस्सकन हसली. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "ओहो, आपण तर डायरेक्ट आइसलँडला पोचलो!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. दादाही हसले. पॅरा पूर्ण करून खाली बसले.

पुढच्या तासाला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मी मुख्याध्यापक सरांना म्हटलं, "ड्यूटी असेल." सरांनी हजेरीपटातून मान वर केली नाही. म्हणाले, "लहान मूल शाळेवर रुसलं तर आई बखोटीला धरून आणून सोडते. या माणसांना आणून सोडणारं कुणी नाही, मॅडम. ते रोज स्वतःच स्वतःला आणून सोडतात. एकदा नको वाटलं की संपलं. परत येत नाहीत."

त्या रात्री नऊ पन्नासच्या लोकलमध्ये मला माझी सातवी स्लाइड आठवली. माल्कम नोल्स. मोठ्यांच्या शिक्षणाचा अभ्यास करणारा अमेरिकन माणूस. १९७०च्या सुमारास त्याचं म्हणणं जगभर गाजलं. मोठी माणसं कोरी पाटी घेऊन येत नाहीत, अनुभव घेऊन येतात. आपण हे कशासाठी शिकतोय ते त्यांना कळायला हवं. आज शिकलेलं उद्या वापरता यायला हवं. आणि वर्गात एकमेकांबद्दल आदर हवा, तरच बाकीचं जमतं. ही शेवटची ओळ मी चार वर्षं वाचून दाखवत होते आणि लगेच पुढची स्लाइड घेत होते.

घरी येऊन आणखी एक गोष्ट शोधली. आयलंडमध्ये तो 'एस' कशाला असतो? उत्तर वाचून अक्षरशः चाट पडले. जुन्या इंग्रजीत या शब्दात एस नव्हताच! सोळाव्या शतकाच्या सुमारास शिकल्या-सवरल्या लोकांना वाटलं, की याचं नातं 'आइल' या लॅटिन घराण्यातल्या शब्दाशी असणार. नातं नव्हतं. पण एस घुसला तो घुसलाच. म्हणजे चूक विद्वानांची, आणि तिच्यावरून हसलं कुणाला? तर बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला.

गेटवरची चिठ्ठी

आमचं एक दुसरं ऑफिस शेजारच्या टॉवरमध्ये आहे. आठवड्यातून एकदा मला तिथे जावं लागतं. गेटवर रजिस्टर असतं, त्यात नाव, वेळ, काम लिहायचं, सही करायची, आत जायचं. त्या मंगळवारी सही करून पेन परत देताना समोर पाहिलं, तर दादा!

म्हणजे गेली काही वर्षं मी या माणसासमोर दर आठवड्याला सही करत होते. चेहरा एकदाही पाहिला नव्हता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी मान किंचित हलवली. नको. शेजारी त्यांचे दोन सहकारी उभे होते. नंतर कळलं ते असं, की कंपनीच्या फॉर्मवर त्यांनी खरं ते लिहिलंय, शिक्षण नववी. पण बरोबरच्या माणसांना वाटतं, हे दहावी पास. कुणीतरी कधीतरी विचारलं होतं, यांनी 'हो' म्हटलं होतं, आणि तो 'हो' आता गळ्यात पडला होता. सुपरवायझर व्हायचं तर दहावीचं सर्टिफिकेट हवं. आणि ते मिळवण्यासाठी शाळेत जातोय, हे गेटवर कळता कामा नये. रोज सातला सुटल्यावर ते 'पार्ट टाइम'ला जातात, असं तिथे सगळ्यांना माहीत होतं.

विचार करा. एवढी लपवाछपवी करून माणूस वर्गात येतो, आणि तिथली मॅडम त्याला उभं करून हसवते.

माफी मागायची तरी कशी? सगळ्यांसमोर मागितली असती तर माझं ओझं उतरलं असतं आणि त्यांचं गुपित फुटलं असतं. मी आत गेले, एका चिठ्ठीवर मराठीत तीन ओळी लिहिल्या. 'त्या दिवशी हसले ती चूक माझी. सोमवारी सव्वासातला तास आहे. उशीर चालेल.' बाहेर पडताना व्हिजिटर पास परत केला, त्याच्याखाली ती चिठ्ठी सरकवली.

दादांनी ती न वाचताच खिशात टाकली आणि मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी आयडी कार्ड दर्शनी भागात लावा."

सोमवारी ते आले नाहीत. त्यानंतरच्या गुरुवारी आले. वीस मिनिटं उशिरा. दाराशेजारच्या बाकावर बसले. मी फळ्यावर इंग्रजीत 'आयलंड' लिहिलं आणि एसची सगळी हकिकत सांगितली. कुणाचंही नाव घेतलं नाही. बाइकवाला एक मुलगा एकदम म्हणाला, "म्हणजे मॅडम, चारशे वर्षं सगळे चुकीचं लिहितायत आणि मार्क आमचे कापणार?"

वर्ग खो खो हसला. दादाही. या वेळचं हसणं वेगळं होतं, हे मला दाराजवळच्या बाकाकडे बघून कळलं.

इथले कायदेकानू

त्यानंतर मी महिनाभर सरांच्या आणि जुन्या शिक्षकांच्या वर्गात मागे बसून नुसतं पाहिलं. वरवर काही विशेष नाही. पण नीट बघितलं की कळतं, तिथे एकेक गोष्ट विचार करून ठेवलेली आहे.

एक म्हणजे 'अहो'. अठरा वर्षांच्या मुलालाही शिक्षक 'अहो' म्हणतात. हजेरी घेताना नावापुढे दादा किंवा ताई. सुरुवातीला मला हे जुन्या मराठी सिनेमासारखं वाटलं. पण दिवसभर 'ए', 'शुक शुक' ऐकलेल्या मुलाला कुणी 'अहो' म्हटलं की तो बाकावर ताठ बसतो. विश्वास नसेल तर करून बघा.

दुसरं म्हणजे दार. ते बंद होत नाही. दारापाशी एक बाक उशिरा येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवलेला असतो. आलेल्यानं 'मे आय कम इन' विचारायचं नाही. गुपचूप बसायचं. शेजारचा माणूस बोटानं पान दाखवतो. उशीर का झाला हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. शेठनं सोडलं नाही.

तिसरं, मोठ्यानं वाचायला कुणाला अचानक उठवायचं नाही. आधी दोघादोघांत हळू आवाजात वाचायचं, मग ज्याला वाटेल त्यानं हात वर करायचा. वह्या तपासून झाल्या की सगळ्यांच्या चुका फळ्यावर येतात, पण नावाशिवाय. "ही कुणाची?" असं विचारायचं नाही. गंमत अशी, की थोड्या दिवसांनी माणसं स्वतःच सांगायला लागतात, "ही माझी!"

मोबाइलचं बघा. आपल्या ट्रेनिंगमध्ये मी फोन टोपलीत गोळा करते. इथे फोन चालू असतो, फक्त आवाज बंद. घरी लहान मूल एकटं असतं, मालकाचा कॉल कधीही येतो. फोन आला तर उठून बाहेर जायचं, परत यायचं. एक अक्षर बोलायचं नाही.

आणि हे नियम सरांनी लादलेले नाहीत. जूनमध्ये वर्गानंच बसून ठरवले आणि मावशींच्या अक्षरात भिंतीवर लावले, फळांच्या चित्रांच्या खाली. शेवटचा नियम पार्लरवाल्या मुलीनं सुचवला. 'हसायचं, पण मिळून.'

पण मान देणं म्हणजे गोडगोड वागणं नव्हे, हा धडा मावशींकडून मिळाला. सहामाहीला त्यांना इंग्रजीत एकतीस मार्क पडत होते. मी इकडचे-तिकडचे चार देऊन पस्तीस केले. म्हटलं, हुरूप येईल. मावशींनी पेपर पाहिला. चिवड्याच्या पाकिटांचा हिशोब तोंडी करणारी बाई ती! दोन मिनिटांत बेरीज केली आणि पेपर घेऊन टेबलापाशी आल्या.

"बाई, हे चार कुठून आले?"

मी काहीतरी पुटपुटले.

"बोर्डाच्या परीक्षेला तुम्ही येणार आहात का, चार मार्क घेऊन? खोडा ते. एकतीस तर एकतीस. पण हे चार कुठे गेले ते मला समजावून सांगा."

मी खोडले. आणि साडेनऊनंतर वीस मिनिटं आम्ही दोघी भूतकाळाची क्रियापदं करत बसलो. दया दाखवणं हाही एक अपमानच असतो, हे माझ्या कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

तसं तर सरकारनंही आता शब्द बदललेत. २०२२ ते २०२७साठीच्या 'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रमा'त 'प्रौढ शिक्षण'ऐवजी 'सर्वांसाठी शिक्षण' म्हणतात. शब्दानं काय फरक पडतो, असं मी पूर्वी म्हटलं असतं. आता म्हणत नाही.

"आम्हाला पण नाव आहे"

मध्यंतरी एका तासाला मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हटलं, तुम्ही रोज जे इंग्रजी वापरता ते फळ्यावर लिहू या. फळा भरून गेला. मावशींचं 'नेट वेट' आणि 'बेस्ट बिफोर'. पार्लरचं 'अपॉइंटमेंट' आणि 'वेटिंग'. बाइकवाल्यांचं 'कस्टमर नॉट रिस्पॉन्डिंग'. दादांनी तर उठून अख्खं रजिस्टरच आखलं. नेम, कंपनी, पर्पज ऑफ व्हिजिट, इन टाइम, आउट टाइम. स्पेलिंग एकदम करेक्ट. प्रत्येक रकान्याचा अर्थ त्यांनी वर्गाला समजावून सांगितला. पंधरा मिनिटं ते शिक्षक होते आणि मी बाकावर, गुडघे छातीशी घेऊन.

तेवढ्यात 'आयलंड'ला हसलेल्या मुलांपैकी एकानं हात वर केला.

"दादा, हे सगळं ठीक आहे. पण नेमचा रकाना असतो ना? मग गेटवर तुम्ही लोक आम्हाला 'ए पार्सल' का म्हणता? आम्हाला पण नाव आहे."

वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मला वाटलं, आता मध्ये पडावं, विषय बदलावा. ट्रेनर लोकांची सवय! दारात सर उभे होते. त्यांनी मला नुसत्या डोळ्यांनी थांबवलं.

दादा खडू हातात घेऊन उभे. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरं आहे. आम्हाला वरचे लोक 'ए वॉचमन' म्हणतात. आम्ही तुम्हाला 'ए पार्सल' म्हणतो." आणखी थोडं थांबून म्हणाले, "मी तरी नाही म्हणणार आता. बाकीच्यांचं माझ्या हातात नाही."

मुलगा म्हणाला, "चालेल." थोड्या वेळानं, "सॉरी दादा. त्या दिवशीचं." 

दादांनी फळ्याकडे वळून आउट टाइमचा रकाना पूर्ण केला. तास पुढे सुरू.

फिल्मी वाटेल, पण मिठ्या वगैरे काही झाल्या नाहीत. सगळं बदललं असंही नाही. कुरियरवाला गणपतीनंतर यायचा बंद झाला तो झालाच. मी दोनदा फोन केला. त्याला रात्रीची पाळी लागली आहे. हजेरीपटावर त्याचं नाव सर अजून वाचतात, आणि उत्तर आलं नाही की एक क्षण थांबून पुढचं नाव घेतात.

आणि मी? दुसऱ्या दिवशी ऑफिसात सकाळचा चहा आला तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. सहा वर्षं त्या माणसाच्या हातचा चहा पिते आहे. "तुमचं नाव काय हो?" विचारायला इतकी लाज वाटली, की काय सांगू! पण विचारलं.

आउट टाइम

बोर्डाची परीक्षा अजून व्हायची आहे. दादांचं इंग्रजी पस्तीसच्या आसपास घुटमळतंय. मावशी चाळीसच्या पुढे गेल्यात, स्वतःच्या जोरावर.

गेल्या मंगळवारी परत शेजारच्या टॉवरमध्ये गेले होते. निघायला उशीर झाला. घाईघाईत रजिस्टरवर सही ठोकली आणि वळले. मागून हाक आली. आवाज इतका खाली, की शेजारच्या गार्डलाही ऐकू जाऊ नये.

"मॅडम... आउट टाइम राहिला."

मी परत आले. रकाना भरला. वेळ लिहिताना चुकून सहाच्या जागी पाच लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

दादांनी रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं आणि पानावरून नजर न उचलता म्हणाले, "असू दे. होतं."

चौकट : तुम्हालाही जायचंय?

• कसं जाल : पश्चिम रेल्वेचं लोअर परळ किंवा मध्य रेल्वेचं करी रोड स्टेशन. पुढे चालत. संध्याकाळी टॅक्सीच्या भानगडीत पडू नका.

• काय खाल : लालबागच्या चिवडा गल्लीत एक फेरी माराच. पाकिटावरचं 'नेट वेट' वाचताना आमच्या मावशींची आठवण काढा.

• आधी बसा, मग शिकवा : पहिले दोन-तीन तास मागच्या बाकावर बसून फक्त पाहा. कोण कुठून येतं, किती वाजता सुटतं, काय लपवतं, ते कळू द्या.

• 'अहो' म्हणा : वय कितीही असो. अरे-तुरेवर यायचं की नाही ते समोरच्याला ठरवू दे.

• जमेल तेवढंच कबूल करा : आठवड्याला एक संध्याकाळ म्हटलीत तर ती पाळा. तुमच्यासाठी तो 'अनुभव' असेल, त्यांच्यासाठी वर्ष असतं.

• फोटो काढू नका : कुणाचा शेठ, कुणाचा मुलगा, कुणाचा सहकारी बघेल सांगता येत नाही. सेल्फी मॉलमध्ये काढा, तिथे लाइटही चांगला असतो!